कुंडींतील झाडांचे न पाळले तरी चालणारे नियम

महसुली दप्तरांत एखादी नोंद एकदां चढली, कीं ती पुढील प्रत्येक वहींत उतरत जाते. ज्या कारणासाठीं ती घेतली तें कारण संपलें, विहीर बुजली, झाड वठलें, तरी कोणी फेरफार मागत नाहीं तोंपर्यंत नोंद जिवंतच राहते. आम्ही अनेक वर्षें कारकुनी केली असल्यामुळें हा प्रकार आमच्या चांगला परिचयाचा आहे. घरच्या कुंड्यांतील झाडांविषयीं जे नियम आपल्याकडे चालत आले आहेत, त्यांचीहि स्थिति अशीच आहे. कांहीं नियम खरोखर झाडाच्या जिवाचे आहेत. कांहीं केवळ एका वहींतून दुसरींत उतरत आले आहेत. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या प्रकारच्या नियमांची तपासणी करावयाची आहे.

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुंड्यांचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या आमच्याच वाशीम जिल्ह्यांतील उंचवट्यावर उगम पावतात आणि पाणी घेऊन बाहेर जातात. आपल्या घरीं मात्र चैत्र-वैशाखांत घागरीचा हिशेब ठेवावा लागतो. अशा मुलखांत चुकीच्या नियमापायीं ओतलेला तांब्याहि मोजण्यासारखा आहे. दुसरें असें कीं, या झाडांची निगा बहुधा घरांतील स्त्रियाच राखतात, आणि झाड वाळलें म्हणजे दोषहि त्यांच्याच माथीं येतो. तो दोष खरा किती, हें पाहणें घरच्या कर्त्या पुरुषाचें काम आहे.

१. तळाशीं चार बोटें खडी घालावी.

हा नियम फार मान्य झालेला आहे. खडी घातली म्हणजे पाण्याचा निचरा लवकर होतो, अशी समजूत आहे. वास्तविक होतें तें उलट. बारीक मातीचे कण पाणी धरून ठेवतात. खडीमधील मोठ्या पोकळ्यांत तीं धार सोडीत नाहींत. खडीच्या लगतची माती पूर्ण चिंब होईपर्यंत पाणी खालीं उतरत नाहीं. धुतलेलें धोतर दोरीवर उभें टांगून पाहावें. वरचा भाग सुकतो, पण खालचा कांठ, गळण्यास पूर्ण मोकळीक असूनहि, बराच वेळ ओला राहतो. कुंडींतील मातीचाहि खालचा कांठ असाच ओला असतो. खडीचा थर घातल्यानें हा ओला कांठ नाहींसा होत नाहीं, फक्त चार बोटें वर चढतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. शिवाय तेवढी माती कमी होते ती वेगळीच.

म्हणून भोंकावर एक खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाहीं. तेवढें पुरे. निचरा हवा असेल तर तो मातींतच साधावा. आपली काळी माती एकटी कुंडींत भरूं नये. ती भिजली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे आकसून कांठ सोडते, आणि मग घातलेलें पाणी फटींतून सरळ खालीं निघून जातें. माती, चांगलें कुजलेलें शेणखत व जाड वाळू सारख्या प्रमाणांत मिसळावीं. एकाच मिश्रणाच्या दोन कुंड्यांत उथळ कुंडीपेक्षां खोल कुंडीचा निचरा चांगला होतो, हेंहि ध्यानांत असावें.

२. भर दुपारीं पाणी घालूं नये, पानें भाजतात.

पानावरचा थेंब भिंगासारखा ऊन एकवटून पान जाळतो, असें सांगितलें जातें. हंगेरी देशांतील बुडापेस्ट येथील संशोधकांनीं याची प्रत्यक्ष परीक्षा करून इ. स. २०१० मध्यें ती प्रसिद्ध केली. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो व त्यानें एकवटलेलें ऊन पानाच्या खालीं पडतें; पान भाजत नाहीं. लव असलेल्या कांहीं पानांवर थेंब उचललेला राहतो, तेथें क्वचित् डाग पडण्याचा संभव असतो, एवढेंच. आपणांसहि हें नवें नको. आषाढांत सर येते, पाठोपाठ कडक ऊन पडतें. त्यानें सोयाबीनचें शेत जळाल्याचें कोणी पाहिलें आहे काय?

सकाळीं पाणी घालावें हें खरें, पण त्याचें कारण पाण्याची बचत हें आहे. दुपारीं बरेंच पाणी वाफ होऊन जातें. तथापि वैशाखांत दुपारीं झाड माना टाकीत असेल व माती कोरडी असेल, तर संध्याकाळची वाट पाहूं नये. माती ओली असून पानें मलूल दिसत असतील, तर मात्र थांबावें. जास्वंद पुष्कळदां दुपारीं मलूल होते व सूर्य कलतांच आपोआप सांवरते. उन्हांत पडलेल्या रबरी नळींतलें पहिलें पाणी तापलेलें असतें, तेवढें बाजूस सोडून द्यावें. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानें पानांवर पांढरे डाग पडतात. तो दोष पाण्याचा, उन्हाचा नव्हे.

३. रोज ठराविक पाणी द्यावें.

पिकाला पाणी देतांना आपण पंचांग पाहत नाहीं, ओल पाहतों. कुंडीलाहि तोच न्याय लावावा. बोट दोन पेरें मातींत घालावें. ओल लागली तर पाणी देऊं नये. वैशाखांत मोगऱ्यास रोज पाणी लागेल. श्रावणांत त्याच कुंडीला आठ-आठ दिवस लागणार नाहीं. कोरफडीला तर हिवाळ्यांत पंधरा दिवसांनींहि पुरेल. कुंडींतील झाडें तहानेपेक्षां अति पाण्यानेंच अधिक मरतात. कारण मुळांनाहि हवा लागते, आणि मातींतील सर्व पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे मुळें गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांचें झाड पाण्यांत उभें असूनहि सुकलेलें दिसतें. मग घरचीं माणसें त्यावर आणखी एक तांब्या ओततात.

४. चहाचा चोथा व अंड्यांचीं टरफलें घालावीं.

साखर असलेला चोथा घातला कीं मुंग्या येतात. टरफल म्हणजे चुना, आणि तो मातींत फार सावकाश विरतो. आपल्या काळ्या मातींत चुनखडी मुळांतच पुष्कळ असते. तिच्यामुळेंच गुलाबाचीं व संत्र्याचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडास लोह मिळत नाहीं याची ती खूण होय. अशा मातींत आणखी चुना घालणें म्हणजे भरल्या पोटीं जेवावयास बसविणें. टरफलें व धुतलेला चोथा उकिरड्यावर टाकावा. तेथें त्यांचें खत होतें.

५. दर वर्षीं मोठ्या कुंडींत हलवावें.

कुंडीच्या भोंकांतून मुळें बाहेर डोकावूं लागलीं, किंवा पाणी मुरेनासें झालें, तरच झाड हलवावें. तसें नसेल तर वरची दोन बोटें माती काढून तेथें शेणखत घालावें. लहान रोप मोठ्या कुंडींत लावलें तर जी माती मुळांच्या पोहोंचेबाहेर राहते, ती ओलीच राहून कुजते.

६. छाटलेल्या फांदीस हळद वा रंग लावावा.

झाड आपल्या जखमेभोंवतीं आंतून आपणच कुंपण घालतें. अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो यांनीं हजारों झाडें चिरून दाखविलें कीं, वरून लावलेल्या लेपानें कूज थांबत नाहीं. धारदार हत्यारानें स्वच्छ काप घ्यावा, म्हणजे झालें. मात्र संत्र्याच्या बागाईतदारांनीं यावरून बुंध्यास बोर्डो पेस्ट लावणें सोडूं नये. तो लेप जखम भरण्यासाठीं नसून डिंक्या रोगाच्या प्रतिबंधासाठीं आहे, आणि त्याचें कारण पक्कें आहे. नियम मोडतांना तो कोणत्या कारणासाठीं केला होता हें पाहावें, तें यासाठींच.

७. रात्रीं खोलींत झाड ठेवूं नये. व खोलींत झाड ठेवावें, हवा शुद्ध होते.

हीं दोन मतें परस्परविरुद्ध आहेत आणि दोन्हींकडे दुर्लक्ष केलें तरी चालेल. झाड रात्रीं श्वास घेतें हें खरें. परंतु निजलेला एक मनुष्य तासाला सुमारें बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाहि एका कुंडींतील झाडाकडून क्वचितच येतो. मुलाला खोलींत निजवितां, तर कुंडीला भिण्याचें कारण नाहीं. उलट पक्षीं, हवा शुद्ध होण्याची गोष्ट अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या इ. स. १९८९ च्या प्रयोगांवरून पसरली. ते प्रयोग बंद पेटींत केलेले होते. राहत्या घरांत खिडकीइतका परिणाम साधावयाचा, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडें लागतील, असा हिशेब इ. स. २०१९ मध्यें तिकडील दोन संशोधकांनीं मांडला. खिडकी उघडावी; झाड शोभेसाठीं ठेवावें.

८. मनीप्लँट चोरून आणावा, तरच लागतो.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरांतील मोरेआ बेटाची. तिच्या कांडीवर पेरापाशीं मुळांचा फुटवा तयारच असतो. असें पेर पाण्यांत बुडालें कीं मुळें सुटतात, मग कांडी मागून आणलेली असो कीं चोरून. शेजाऱ्याकडे मागावी, शेजारहि टिकतो व वेलहि.

९. विटाळांत तुळशीला हात लावूं नये, तुळस वाळते.

हा नियम शेवटीं घेतला, कारण त्याचें ओझें सर्वांत जड आहे. तुळस वाळली कीं घरांत कुजबूज सुरू होते, आणि सुनेला वा मुलीला विचारणा होते. पश्चिमेकडील विद्वानहि या समजुतींतून सुटले नव्हते. घटसर्पाच्या चाचणीमुळें प्रसिद्ध झालेले व्हिएन्नाचे डॉक्टर बेला शिक यांनीं इ. स. १९२० मध्यें, रजस्वला मोलकरणीच्या हातांत फुलें सुकलीं असें लिहून, त्या काळांत स्त्रीच्या अंगीं एक विष असतें असा तर्क मांडला. पुढें तपासण्या झाल्या. असें कोणतेंहि निश्चित विष हातीं लागलें नाहीं व तो तर्क मागें पडला.

मग तुळस कां वाळते? ती वडापिंपळासारखी दीर्घायुषी नाहीं. दोनतीन वर्षांत तिचें खोड लांकडासारखें कठीण होतें व जोम ओसरतो. मंजिऱ्या येऊन बीं धरलें, म्हणजे झाडाची शक्ति तिकडे जाते. तिला थंडी सोसत नाहीं. म्हणून तुळशीचें लग्न आटोपून पौषाची थंडी पडली, कीं ती झडूं लागते. त्यांतच पावसाळाभर रोज घरांतील प्रत्येकानें एकेक तांब्या घातलेला असतो, त्यामुळें मुळें आधींच अर्धीं कुजलेलीं असतात. ही सर्व कारणें डोळ्यांना दिसणारीं आहेत. त्यांत घरांतील कोणत्याहि बाईचा महिना कोठेंच येत नाहीं.

श्रद्धेनें कोणी कोणता आचार पाळावा, हा या लेखाचा विषय नव्हे. पण झाड वाळल्याचा दोष हा शेतकीचा प्रश्न आहे, आणि शेतकीच्या दृष्टीनें त्या दोषास आधार नाहीं. तुळस टिकवावयाची तर मंजिऱ्या कोंवळ्या असतांनाच खुडाव्या, पावसाळ्यांत नेमाचें पाणी पळीभरच घालावें, आणि जुनी तुळस असतांनाच बियांचें रोप तयार ठेवावें.

न सोडण्याचे नियम.

इतके नियम खोडल्यावर जे राखावयाचे ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. ते चारच आहेत. कुंडीला भोंक असलेंच पाहिजे. झाडाच्या जातीप्रमाणें त्यास उजेड मिळालाच पाहिजे; अंधाऱ्या कोंपऱ्यांत खत घालून उजेडाची भर निघत नाहीं. कुंडीखालील ताटलींतील पाणी आठवड्यांतून एकदां तरी ओतून ताटली घासावी. डेंग्यूचा डांस अशाच सांठलेल्या पाण्यांत वाढतो. आणि कण्हेर विषारी आहे. तिचीं पानें वा छाटलेल्या फांद्या मुलांच्या व गुरांच्या तोंडीं लागतील अशा ठिकाणीं ठेवूं नयेत.

घरीं करून पाहावयाचा प्रयोग.

सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्याव्या. एकींत तळाशीं चार बोटें खडी घालून वर मिश्रण भरावें. दुसरींत सर्व मिश्रणच भरावें. मातीची उंची दोन्हींत कांठापर्यंत सारखी असावी. दोन्हींत तळांतून धार लागेपर्यंत पाणी घालून रात्रभर गळूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं काठी खुपसून कोणत्या कुंडींत वरच्या कांठापासून किती खोलीवर चिखल लागतो, हें मुलांकडून मोजवून लिहून ठेवावें. हें मोजमाप आमच्या शब्दापेक्षां अधिक भरंवशाचें आहे. एकदां मुलांना अशी तपासणी करण्याची संवय लागली, कीं पुढें बियाण्याच्या व औषधांच्या दुकानांतून जे नियम सांगितले जातात, त्यांनाहि तीं "कारण काय?" असें विचारतील. कुंडीची चूक तांब्याभर पाण्याची असते. एकराची चूक सबंध हंगामाची असते.