गळ्यातील चिन्ह आणि आचरणातील धम्म
(तिबेटी अलंकारांतील बौद्ध प्रतीकांचा एक अभ्यास)

दिवाळीच्या सुट्ट्या संपवून विद्यार्थी वसतिगृहात परततात, तेव्हा त्यांच्या पेट्यांतून चिवडा-चकलीबरोबर आणखीही काही येत असते. अलीकडे मुलामुलींच्या गळ्यात आणि बोटांत तिबेटी घडणीची पदके व अंगठ्या दिसू लागल्या आहेत. कोणाच्या पदकावर चक्र असते, कोणाच्या पदकावर सुरुवात-शेवट नसलेली गाठ, तर कोणाच्या अंगठीवर सहा अक्षरे कोरलेली असतात. हे काय आहे असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : "आईने घेऊन दिले. हे घातले की पेपर चांगला जातो." आणि मागोमाग एक प्रश्नही येतो : "गुरुजी, हे तर आपले बौद्धांचेच आहे ना?"

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या गळ्यातील ताईत आम्ही काढून घेतला होता. अंधश्रद्धा नको, एवढाच आमचा विचार होता. तो मुलगा त्या रात्री झोपला नाही. वस्तू काढून घेतली, पण तिच्यामागची भीती तशीच राहिली, हे आम्हाला उशिरा उमगले. तेव्हापासून आम्ही ठरविले की आधी अर्थ सांगावा आणि निर्णय मुलावर सोपवावा. माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी हा लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

तिबेटी बांधव आणि विदर्भ

तिबेट आपल्यापासून दूर असला तरी तिबेटी माणूस विदर्भाला परका नाही. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो निर्वासित आले. त्यांच्यापैकी काहींची वसाहत १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा जिल्ह्यात, गोठणगाव परिसरात वसली. नोर्ग्येलिंग या नावाची ही वसाहत आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. हिवाळ्यात विदर्भातील शहरांत तिबेटी बांधवांची स्वेटरची दुकाने लागतात, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

या समाजात दागिना ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. याक व मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला घर नसे; त्याची बचत चांदी, पिरोजा, पोवळे आणि तृणमणी यांच्या रूपाने अंगावरच असे. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या पठारावर पोवळे व्यापारी मार्गांनी पोहोचत असे, म्हणून त्याचे मोल मोठे. निर्वासित झाल्यावर अनेक कुटुंबांनी हेच दागिने विकून आपली मुले जगविली. आज बाजारात दिसणाऱ्या 'तिबेटी' वस्तूंकडे पाहताना हा इतिहास विसरू नये.

चिन्हांचे अर्थ

तिबेटी अलंकारांवर सर्वाधिक आढळतात ती अष्टमंगल चिन्हे. ती आठही भारतातूनच तिकडे गेली. त्यांचे बौद्ध अर्थ थोडक्यात असे :

छत्र : दुःखाच्या तापापासून धम्माची सावली.
मत्स्ययुगुल : पाण्यात निर्भयपणे विहरणाऱ्या माशांप्रमाणे दुःखाच्या सागरात न बुडणे.
कलश : दिल्याने न आटणारी संपत्ती, म्हणून दानाची आठवण.
पद्म : चिखलात उगवूनही चिखलाने न माखणारे मन.
शंख : दूरवर पोहोचणारा उपदेशाचा ध्वनी.
श्रीवत्स अथवा अनंत गाठ : सर्व गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार, तसेच प्रज्ञा व करुणा यांची न सुटणारी गुंफण.
ध्वज : माराच्या सैन्यावर, म्हणजे स्वतःच्या लोभ, द्वेष व मोहावर विजय.
चक्र : सारनाथ येथे प्रवर्तित झालेला धम्म. आठ आऱ्यांचे चक्र आर्य अष्टांगिक मार्ग सांगते.

याखेरीज 'दोर्जे' म्हणजे वज्र. मूळचे हे इंद्राचे शस्त्र; वज्रयानाने त्याला न भंगणाऱ्या बोधीचे चिन्ह केले. वज्र करुणेचे आणि त्याच्या जोडीची घंटा प्रज्ञेची मानली जाते. अंगठीवरील सहा अक्षरे अवलोकितेश्वराच्या मंत्राची आहेत. 'गाऊ' नावाची चांदीची डबी गळ्यात वा खांद्यावरून अडकवितात. तिच्यात मंत्र लिहिलेला कागद किंवा लहानशी मूर्ती असते. प्रवासात ती त्या माणसाचे छोटे देवघरच असते.

हे आपल्याकडेही होते

महाराष्ट्राच्या मातीला यातील बरेचसे नवे नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या आरंभी वा शेवटी त्रिरत्न व स्वस्तिक कोरलेले दिसतात. सांचीच्या महास्तूपाच्या तोरणावर मंगलचिन्हे ओवलेल्या माळा शिल्पित केलेल्या आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला. त्या काळच्या शिल्पकलेत बुद्धाची मूर्ती न घडविता बोधिवृक्ष, आसन, चक्र यांतूनच त्याची उपस्थिती सुचविली जाई. तिबेटमध्ये लोकप्रिय असलेल्या अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराची एक प्राचीन मूर्ती मुंबईजवळच्या कान्हेरीत, ४१ क्रमांकाच्या लेण्यात आहे. आणि तिबेटी लोक ज्याला सर्वांत मौल्यवान मानतात तो 'झी' मणी अकीकाचा असतो. अकीकाचे मणी घडविण्याचे एक मोठे प्राचीन केंद्र नागपूरजवळच्या माहुरझरी येथे होते.

तेव्हा "हे आपले आहे काय" या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : होय, यातील अनेक चिन्हे याच भूमीत रुजली. परंतु चिन्ह आपले असले म्हणजे त्याविषयीची प्रत्येक समजूतही आपली ठरते, असे नाही.

दोन परंपरा, दोन दृष्टी

तिबेटी उपासक गाऊ संरक्षणाच्या भावनेने धारण करतो. त्या श्रद्धेची टवाळी करण्याचा अधिकार आम्हाला नाही; देश गमावलेल्या माणसाने ती जिवापाड जपली आहे. मात्र आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचे वारसदार आहोत. बाबासाहेबांनी आपल्याला जो बुद्ध दिला, तो कार्यकारणभाव शिकविणारा आहे. ब्रह्मजाल सुत्तात शकुन व भविष्य सांगून उपजीविका करणे भिक्षूसाठी निषिद्ध ठरविले आहे. महामंगल सुत्तात तर हाच प्रश्न सरळ विचारला गेला : मंगल कशाला म्हणावे? उत्तरात बुद्धाने एकही वस्तू सांगितली नाही. मूर्खांची संगत टाळणे, पुष्कळ विद्या मिळविणे, हाताला कौशल्य असणे, आईवडिलांची सेवा करणे, अशी मंगले सांगितली. परंपरेने ती अडतीस मोजली आहेत. आपल्या घरोघरी हे सुत्त म्हटले जाते. त्याचा अर्थही घरोघरी सांगितला जावा.

दागिन्याबाबत आपल्या समाजाची आणखी एक आठवण आहे. अंगावरच्या वेषावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्य ओळखला जावा, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, तेव्हा अस्पृश्यतेची ओळख पटविणारे ते दागिने टाकून देण्यास सांगितले. आपल्या आज्यांनी गळ्यातले आणि हातातले ते ओझे उतरविले. ज्या गळ्यातून गुलामीची खूण उतरली, त्या गळ्यात भीतीची खूण चढू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व मुकुट व मोत्यांच्या माळांनी मंडित आहे. बुद्धाच्या अंगावर मात्र अलंकार नसतो. त्याच्या लांब कानाच्या पाळ्या राजपुत्र सिद्धार्थाने त्यागलेल्या जड कुंडलांची खूण मानल्या जातात. अलंकार धारण करणे आणि त्यागणे, या दोहोंनाही धम्मात स्थान आहे. धारण करणारा ते कशासाठी धारण करतो, हे महत्त्वाचे.

पालकांना विनंती

बाजारात मिळणारे बहुतेक 'झी' मणी आणि 'प्राचीन' पदके नव्याने बनविलेली असतात. आवडले तर शोभेची वस्तू म्हणून, परवडेल त्या किमतीत जरूर घ्यावे. परंतु नशीब उघडेल, परीक्षा सुटेल, कर्ज फिटेल अशा आशेने कापसाच्या पैशातून महागडा मणी घेऊ नये. तेवढ्या पैशात वह्या येतात, शब्दकोश येतो.

चिन्ह घेतलेच तर मुलाला तीन प्रश्न विचारावेत : या चिन्हाचा अर्थ काय? तो अर्थ आज तू कोणत्या कृतीत आणलास? आणि हे हरवले तर तुला भीती वाटेल काय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले आणि तिसऱ्याला "नाही" असे उत्तर आले, तर ते पदक खुशाल गळ्यात राहू द्यावे.

आमच्या वसतिगृहात आता पदके काढून घेतली जात नाहीत. संध्याकाळच्या वंदनेनंतर ज्याच्याजवळ जे चिन्ह असेल त्याने उभे राहून त्याचा अर्थ सांगावा, असा प्रघात पडला आहे. गाठीचे पदक घालणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी सांगितले : "ही गाठ म्हणजे सगळे एकमेकांवर अवलंबून आहे. म्हणून पेपर चांगला जाणे माझ्या अभ्यासावर अवलंबून आहे." तिने पदक काढले नाही. परीक्षेच्या दिवशी मात्र ते खोलीतच विसरली, आणि हे तिच्या संध्याकाळपर्यंत लक्षातही आले नाही.