ओसाकात नवी डिस्क घेण्याआधी

ओसाकात संगणक मंदावला की पावलं निप्पोम्बाशीच्या डेनडेन टाउनकडे वळतात. एसएसडीचे खोके हारीने मांडलेले, मोह होतोच. पण आधी अर्धा तास घरी बसा. त्याला एक येनही पडत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. विंडोज जपानी असलं तरी बटणं तीच. टास्क मॅनेजर उघडेल. आलेखांच्या पानावर डिस्क एचडीडी आहे की एसएसडी ते दिसतं. एचडीडी असेल आणि आलेख सतत १०० टक्क्यांना टेकत असेल, तर दुखणं सापडलं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा हेडखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद जातात. हेड सरकण्याचा वेळ धरला तर दहाबारा. मोठा व्हिडिओ सलग वाचणं तिला जड नाही, पण विखुरलेल्या दहा हजार बारक्या फाइली म्हणजे दीडदोन मिनिटं. अशा वेळी एसएसडीचे पैसे खुशाल मोजा.

आधीपासून एसएसडीच असेल तर घाई नको, आधी साफसफाई करा. विनडिरस्टॅट हा प्रोग्रॅम मोफत आहे, विझट्रीही घरगुती वापराला मोफत. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं. बहुधा सापडतात फोनचे जुने बॅकअप आणि गावाकडच्या लग्नाचे व्हिडिओ, तेही दोनदोनदा! जुन्या फाइली निवडताना ‘शेवटची कधी उघडली’ या तारखेवर विसंबू नका. विंडोज ती नोंद अनेकदा ठेवतच नाही. बदल कधी झाला ते पाहा. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून पंधरावीस टक्के जागा मोकळी ठेवावी. 

काढलेला पसारा ठेवायला कुणी एनएएस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी, सुचवेल. त्याचं वीजबिल आधी मांडा: २० वॅटचं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर १७५ युनिट, आणि जपानी कॅटलॉगांत धरतात त्या ३१ येनच्या दराने सुमारे ५,४०० येन. एकट्यादुकट्याला बाहेरची यूएसबी डिस्क पुरते, मात्र एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका.

दुकानात जाताना लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या. एम.२ प्रकारच्या एसएसडीची पट्टी साटा असते किंवा एनव्हीएमई. दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. रोजच्या कामाला तेवढं भरपूर. एप्रिल २०२१ पासून ग्राहकाला करासह किंमत दाखवणं बंधनकारक आहे. करापूर्वीचा आकडा ठळक दिसला तर १० टक्के वाढवून तुलना करा. ‘जंक’ची चिठ्ठी लावलेली डिस्क स्वस्त मिळते, पण ती चालण्याची हमी कुणी देत नाही. घरच्या फोटोंसाठी ती घेऊच नये.

संगणकच टाकायचा ठरला तर त्यावर पीसी रिसायकलचं चिन्ह शोधा. ते असेल तर कंपनी पुनर्वापराचं वेगळं शुल्क घेत नाही. डिस्क पुसण्याचं काम मात्र तुमचंच.