विहिरींतील गप्पी मासा

कापूस वेचणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस हिवतापानें अंथरुणास खिळला, म्हणजे औषधाच्या खर्चापेक्षां बुडालेल्या कामाचा भार अधिक जाणवतो. हिवतापाचे जंतु डासाच्या पोटांत असतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें दाखवून दिलें. डासाची मादी साचलेल्या पाण्यावर अंडीं घालते व उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास निघतात. त्या अवधींत पाण्यांतील अळ्या खाऊन टाकणारा मासा म्हणजे गप्पी.

शहरांत हा मासा शोभेसाठीं कांचेच्या पेटींत पाळतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व त्रिनिदाद बेट येथील. त्रिनिदादहून लंडनला नमुने धाडणाऱ्या गप्पी नामक गृहस्थाचें नांव त्यास १८६६ सालीं मिळालें. नर लहान व रंगीत. मादी मोठी व करडी. ती अंडीं न घालतां सुमारें महिन्यानें जिवंत पिल्लें देते, आणि नराशीं एकदां झालेला संग तिला पुढील कित्येक वेतांस पुरतो. त्यामुळें एक गाभण मादी मिळाली तरी बीज धरतें.

धुळ्याकडे अडचण हवेची आहे. वैशाखांत उथळ हौद तापतो, पौषांत तो गारठतो, आणि दोन्ही वेळां मासे मरतात. मग लोक माशालाच दोष देतात! खोल विहिरीचें पाणी मात्र बारमाही समशीतोष्ण राहतें. म्हणून विहीर ही बियाण्याची कणगी समजावी व हौद, गुरांचा हाळ यांत तेथून दरवर्षी मासे सोडावे. पाण्याच्या दर चौरस मीटर पृष्ठभागास सुमारें ५ मासे पुरेत. विहिरींत मरळ असल्यास ती गप्पी शिल्लक ठेवणार नाहीं.

पांझरेंत किंवा तिच्या बंधाऱ्यांत गप्पी सोडूं नये. तो देशी माशांचीं अंडीं-पिल्लें खातो. फडाची पाळी संपल्यावर पाटांत राहिलेल्या डबक्यांस माशाचा उपयोग नाहीं, तीं फोडून वाहतींच करावीं. घरांतील रांजण व टिपाडें आठवड्यांतून एकदां घासून कोरडीं करावीं.

प्राथमिक आरोग्य केंद्रांतून गप्पीचीं पैदासकुंडें राखण्याची पद्धत राज्यांत आहे. तेथें प्रथम विचारावें. मासे सकाळच्या गारव्यांत, त्याच कुंडाच्या पाण्यांत, अर्धी रिकामी राखलेल्या किटलींतून न्यावे. कीटकनाशकाचें डबडें कितीही धुतलें असलें तरी या कामीं घेऊं नये.