भीतीने आणलेली टंचाई

टेक्सस हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील एक विस्तीर्ण राज्य. तेथील ह्यूस्टन शहराच्या परिसरात खनिज तेल शुद्ध करणारे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांत तयार होणारे पेट्रोल, डिझेल आणि विमानांचे इंधन देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील नगरांना पोचविण्यासाठी जमिनीखालून एक प्रचंड नळवाहिनी टाकलेली आहे. तिला कोलोनियल पाइपलाइन असे म्हणतात. टेक्ससपासून थेट न्यू जर्सी राज्यापर्यंत गेलेल्या या वाहिनीची, तिच्या फाट्यांसह, लांबी सुमारे ८,८०० किलोमीटर भरते. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी शेकडा ४५ च्या आसपास इंधन या एकाच वाहिनीतून जाते. मात्र नळातले इंधन फार वेगाने धावत नाही. ते जवळजवळ माणसाच्या चालीने पुढे सरकते. त्यामुळे ह्यूस्टनहून निघालेल्या इंधनाला न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत पोचावयास अठरा-एकोणीस दिवस लागतात.

७ मे २०२१ रोजी पहाटे या वाहिनीच्या कचेरीतील एका संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. ‘डार्कसाइड’ या नावाने वावरणाऱ्या चोरांनी कचेरीच्या संगणकांत शिरकाव करून त्यांतील माहिती कुलूपबंद केली होती. ते कुलूप उघडण्यासाठी त्यांना पैसे हवे होते. हा उपद्रव नळवाहिनी चालविणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचू नये म्हणून कंपनीने सावधगिरीने संपूर्ण वाहिनीच बंद केली. पुढे कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी भरली, त्यांपैकी ६३.७ बिटकॉइन अमेरिकन सरकारने जूनमध्ये परत हस्तगत केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नळ कोठेही फुटला नव्हता. कारखाने शाबूत होते. वाटेवरील शहरांच्या साठवण-टाक्यांत काही दिवस पुरेल इतका साठा होता. टँकरचालकांना अधिक तास गाडी चालविता यावी म्हणून सरकारने ९ मे रोजी १७ राज्यांत आणि राजधानीत नियम शिथिल केले. आठवडा संपण्यापूर्वी बहुतेक वाहतूक पूर्ववत करण्याचा आपला प्रयत्न आहे, असे कंपनीने १० मे रोजी जाहीर केले. अडचण खरी होती. परंतु ती थोड्या दिवसांची होती.

तथापि भीतीला हिशेब करण्याइतकी उसंत नसते. नळवाहिनी बंद पडल्याचे वृत्त वणव्यासारखे पसरले आणि पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागू लागल्या. रांग पाहून जाणारा-येणारा थबके आणि आपणही टाकी भरून घ्यावी हे बरे, असे म्हणून रांगेत उभा राही. त्याच्यामुळे रांग आणखी लांब होई आणि ती पाहून आणखी चौघे येत. कोणी टाकी भरूनही समाधान पावेनात. त्यांनी सोबत डबे आणले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील निम्म्याहून अधिक पंप कोरडे पडले. साऱ्या देशात पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ३ डॉलरच्या वर गेला. २०१४ नंतर तो इतका कधीच चढला नव्हता.

या भीतीचा विशेष असा की, जेथे तिला काही कारण नव्हते तेथेही ती जाऊन पोचली. फ्लॉरिडा राज्याच्या बहुतेक भागाला पेट्रोल मिळते ते जहाजांतून, समुद्रमार्गे. नळवाहिनी बंद पडल्याने तेथील बंदरांत येणारी जहाजे थांबली नव्हती. तरीही तेथे रांगा लागल्या आणि काही पंप रिते झाले. वॉशिंग्टन या राजधानीची कथा तर याहून विचित्र. १२ मे रोजी संध्याकाळी नळवाहिनी पुन्हा सुरू झाली; आणि त्यानंतर दोन दिवसांनी, १४ मे रोजी, राजधानीतील दर दहा पंपांपैकी आठांहून अधिक पंपांवर पेट्रोल नव्हते! संकट ओसरू लागले होते, पण भीती अजून रांगेतच उभी होती.

साठा असूनही टंचाई कशी होते, हे एका सोप्या गणिताने कळेल. समजा, एका गावात १,००० मोटारी आहेत. प्रत्येकीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते आणि प्रत्येक मोटार रोज ४ लिटर पेट्रोल जाळते. टाकी रिकामी होत आली म्हणजे मालक ती भरून घेतो. अर्थात प्रत्येक मोटार दहा दिवसांतून एकदा पंपावर येते. रोज १०० मोटारी येतात आणि मिळून ४,००० लिटर पेट्रोल नेतात. टँकरही रोज तेवढेच पेट्रोल आणून ओततो. सारे सुरळीत चालते.

आता एके दिवशी ‘उद्या पेट्रोल मिळणार नाही’ अशी आवई उठते. त्या क्षणी कोणाची टाकी पाव भरलेली असते, कोणाची पाऊण. सरासरी धरली तर प्रत्येक टाकी अर्धी रिकामी असते. हजारही मोटारी त्याच दिवशी पंपावर येतात आणि प्रत्येकी २० लिटर मागतात. एकूण मागणी होते २०,००० लिटर, म्हणजे नेहमीच्या पाचपट. टँकर मात्र नेहमीएवढाच येतो. दुपार होण्यापूर्वीच पंपावर ‘पेट्रोल संपले’ अशी पाटी लागते.

गंमत अशी की, त्या दिवशीही गावाने जाळले ते ४,००० लिटरच. बाकीचे पेट्रोल कोठे नाहीसे झाले नाही. एका मोठ्या टाकीतून ते शेकडो लहान टाक्यांत गेले आणि घरोघरच्या अंगणांत उभे राहिले. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही. या उलथापालथीत खरा फटका बसतो तो ज्याची टाकी त्या दिवशी खरोखरच रिकामी होती त्याला. ज्याच्याजवळ आठवड्याचे पेट्रोल होते त्याने दहा दिवसांचे केले. ज्याच्याजवळ उद्याचे नव्हते त्याला आजचेही मिळाले नाही.

अशा घटनेचे मर्म समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली एका लेखात उलगडून दाखविले. त्यांनी उदाहरण घेतले होते एका बँकेचे. बँक सुस्थितीत असते. पण ती बुडणार अशी अफवा उठते. ठेवीदार घाबरून एकाच वेळी पैसे काढावयास धावतात आणि चांगली चाललेली बँक खरोखरच बुडते. अफवा खोटी होती. लोकांनी ती खरी मानली आणि त्यांच्या मानण्यामुळेच ती खरी झाली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो असे आपण म्हणतो. येथे तर भिणारी माणसेच तो ब्रह्मराक्षस घडवितात.

पेट्रोलच्या बाबतीत अशा धावपळीला आणखी एक धोका चिकटलेला असतो. पेट्रोल हा अत्यंत ज्वालाग्राही पदार्थ आहे. कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ होत असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीनिशी भडकते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, अशी सूचना १२ मे २०२१ रोजी अमेरिकन सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला काढावी लागली. त्याच दिवशी फ्लॉरिडातील होमोसासा या गावी पेट्रोलचे चार डबे भरून निघालेली एक मोटार पेटली आणि जळून खाक झाली. एक मनुष्य जखमी झाला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्येही असाच प्रकार घडला. तेथे पेट्रोलचा तुटवडा नव्हता. ते वाहून नेणारे टँकरचालक कमी पडत होते. काही थोडे पंप त्यामुळे बंद ठेवावे लागत आहेत, ही बातमी सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस बाहेर पडताच देशभर रांगा लागल्या. पेट्रोल मिळाले नाही तर डॉक्टर आणि परिचारिका रुग्णांपर्यंत पोचणार कशा, असा प्रश्न उभा राहिला. त्यांना आधी पेट्रोल द्यावे अशी मागणी तेथील डॉक्टरांच्या संघटनेने केली. अखेर ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे जवान टँकर चालवू लागले.

हा अनुभव परदेशापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. अपघातात माणूस दगावल्यावर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद भारतीय न्याय संहितेत करण्यात आली. तिच्या निषेधार्थ जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारींच्या आणि टँकरच्या चालकांनी काम थांबविले. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळील पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. तेथून निघणारे टँकरही थांबले. बातमी कानोकानी होताच नागपूर, मुंबई आणि इतर अनेक शहरांत पंपांवर झुंबड उडाली. चंडीगड येथे प्रशासनाने दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादा घातली. २ जानेवारीच्या रात्री केंद्र सरकारने वाहतूकदारांशी विचारविनिमय करूनच पुढील निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. चालक कामावर परतू लागले आणि रांगाही विरल्या.

रांगेत उभ्या राहिलेल्या या लोकांना मूर्ख किंवा स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्यात कोणाला दूरच्या गावी कामावर जावयाचे होते, कोणाच्या घरी आजारी माणूस होते. ‘इतर सगळे नेणार असतील, तर मी एकट्याने थांबून काय होणार?’ हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. एकट्याने थांबणाऱ्याच्या वाट्याला खरोखरच कोरडा पंप येऊ शकतो. म्हणून अशा वेळी केवळ उपदेश पुरा पडत नाही. इतरही थांबतील असा विश्वास प्रत्येकाला वाटावा लागतो.

हा विश्वास दोन गोष्टींनी निर्माण होतो. पहिली गोष्ट म्हणजे खरी आणि वेळेवर मिळणारी माहिती. साठा किती आहे आणि नवा माल केव्हा येणार, हे अधिकाऱ्यांनी न लपविता सांगितले, तर अफवेला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सर्वांना सारखा लागू होणारा नियम. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी नावाच्या वादळाने न्यू जर्सी राज्याला झोडपले, तेव्हा तेथील बारा परगण्यांत असा नियम करण्यात आला की, ज्या मोटारीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तिने विषम तारखेला पेट्रोल घ्यावे आणि सम असेल तिने सम तारखेला. या नियमाने पेट्रोलचा एक थेंबही वाढला नाही. पण आज नाही तरी उद्या आपली पाळी निश्चित आहे, हे प्रत्येकाला कळले.

मोटारीची टाकी भरणे हे मुलांचे काम नव्हे. परंतु घरात, शाळेत आणि गल्लीत बातमी पोचविणाऱ्यांत मुलेही असतात. मीठ संपणार, साखर मिळणार नाही, पेट्रोल बंद होणार, अशी वार्ता कानी आली म्हणजे ती पुढे सांगण्यापूर्वी ‘हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले?’ एवढे दोन प्रश्न विचारणे कोणालाही शक्य आहे. आणि घरी आठवड्याचे सामान शिल्लक असताना रांग दिसली, तर तिच्यातील एक जागा रिकामी सोडता येते. त्या जागी कदाचित अशा माणसाला उभे राहता येईल, ज्याच्या घरचा डबा खरोखरच रिता आहे.

स्वाध्याय

१. कोलोनियल पाइपलाइन कोठून कोठपर्यंत जाते? ती कंपनीने का बंद केली?
२. फ्लॉरिडा आणि वॉशिंग्टन येथील उदाहरणांवरून लेखकाने कोणती गोष्ट दाखविली आहे?
३. एका गावात ६०० मोटारी आहेत. प्रत्येकीची टाकी ३० लिटरची असून ती रोज ३ लिटर पेट्रोल जाळते. नेहमीची रोजची विक्री किती? सर्व मोटारी एकाच दिवशी अर्धी टाकी भरावयास आल्या, तर मागणी किती पट होईल?
४. ‘मी एकट्याने थांबून काय होणार?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? आठ-दहा ओळींत लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: झुंबड उडणे, कानोकानी होणे, आवई उठणे, हस्तगत करणे.
६. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ या म्हणीचा अर्थ सांगून ती लागू पडेल असा एक प्रसंग लिहा.