इमारत आणि अधिकार : फार्मव्हिलच्या विद्यार्थ्यांचा लढा

शाळेच्या स्मरणिकेत इमारतींची छायाचित्रे हटकून असतात. ती पाहताना माजी विद्यार्थ्यांचे मन भरून येते आणि ते स्वाभाविकही आहे. या अभ्यासलेखासाठी आम्ही अमेरिकेतील एका शाळेचा इतिहास निवडला आहे. तो इमारतीच्या मागणीने सुरू होतो, पण तेथे थांबत नाही.

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व ग्राह्य मानले. त्याच्या आधारे दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. विभक्तपणा कसोशीने पाळला गेला. समानता मात्र कागदावरच राहिली. व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल येथील मोटन हायस्कूल सुमारे १८० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बांधले होते. १९५१ पर्यंत तेथे ४५० हून अधिक मुले शिकू लागली. जागा पुरेना, तेव्हा डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपट्या उभारण्यात आल्या. पावसात त्यांची छपरे गळत.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने सहाध्यायांना सभागृहात एकत्र केले आणि सर्व मुले वर्गांबाहेर पडली. त्यांची मागणी साधी होती : चांगली इमारत हवी. साहाय्यास आलेल्या ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र एक अट घातली. वेगळ्या शाळेसाठी चांगली इमारत मागायची नाही. वेगळेपणाच नष्ट करण्याची मागणी करायची. विद्यार्थी आणि पालक यांनी ती स्वीकारली. त्यात धोका होता. बार्बराला सुरक्षिततेसाठी दूर अलाबामात काकांकडे पाठवावे लागले.

दावा न्यायालयात असतानाच, १९५३ मध्ये, कृष्णवर्णीय मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली. मूळ मागणी पूर्ण झाली होती. तरी दावा मागे घेतला गेला नाही. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात, ज्यात फार्मव्हिलचा दावाही समाविष्ट होता, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : शिक्षणक्षेत्रात विभक्त व्यवस्था मुळातच विषम असते.

यानंतरचा भाग अधिक क्लेशदायक आहे. मुले एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ साली तेथील प्रशासनाने परगण्यातील सर्व सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गौरवर्णीय मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना परगावी नातेवाइकांकडे धाडले गेले, तर अनेकांची शिक्षणाची वर्षे कायमची बुडाली. लढ्यानंतर मिळालेल्या त्या नव्या इमारतीलाही कुलूप लागले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा पुन्हा उघडल्या.

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. ज्या संघटनेच्या वकिलांनी हा दावा लढवला, तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती यांतील साम्य त्यांनी त्यात नमूद केले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळे तळे मागितले नव्हते. जे सर्वांसाठी होते, त्याच चवदार तळ्याचे पाणी ते प्याले.

यातून आम्ही एवढाच बोध घेतो : कोणी दिलेली इमारत उद्या बंदही होऊ शकते, म्हणून इमारतीबरोबर अधिकारही मागावा लागतो, आणि मिळाल्यावर तो राखावा लागतो. आज आपली मुले ज्या वर्गात बसतात, तेथे त्यांच्या शेजारी कोण बसते, कोण बसत नाही आणि का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा. फार्मव्हिलच्या मुलांनी तो सोळाव्या वर्षी विचारला होता.