जुन्याशेजारी नवं : वृंद बांधणाऱ्या पुतणीला कानमंत्र

पोरी, मोडनिंबात दहा-बारा गळे जमवून तू गायनवृंद उभा केलास, हे ऐकून बरं वाटलं. आता म्हणतेस की संतांचे अभंग आणि आजच्या कवींची गाणी एका विषयाभोवती गुंफून कार्यक्रम करायचाय. कर की! गाणं तुला येतंच. पण असले कार्यक्रम गळ्यानं क्वचित बिघडतात, बहुतेक वेळा ते यादीनं बिघडतात. म्हणून हे चार शब्द. चारावर थांबणार नाही हे तुलाही ठाऊक आहे.

१. आधी विषय, मग गाणी — आवडती गाणी आधी जमवलीस, तर नंतर ती झाकायला विषयाची गोधडी शिवत बसशील.

२. विषय अरुंद घे. ‘भक्ती’ नको, ‘निसर्ग’ तर नकोच नको. ‘मळा’ घे, ‘जातं’ घे, ‘उंबरठा’ घे — अरुंद दारातून नको ती गाणी आत येत नाहीत, आणि आलेली एकमेकांना ओळखतात.

३. पहिल्या वर्षी विषय शोधायला गाव सोडू नकोस. शेजारी अरण आहे, सावता महाराजांचं (१२५०–१२९५). पंढरी इतकी जवळ असून ते मळ्यातच राहिले, आणि आषाढ वद्य चतुर्दशीच्या त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला येते — ‘हातातलं काम’ या विषयाला याहून मोठा दाखला कुठून आणशील?

४. त्यांचे उपलब्ध अभंग ३७च मानतात. सगळे वाच, तीन निवड, आणि त्यांतला एक तरी कुणी न गाणारा असू दे — भाजीपाल्याचा अभंग सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच माणसानं बाकी काय म्हटलंय ते फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

५. मध्यंतरापर्यंत संत आणि मध्यंतरानंतर कवी अशी वाटणी करू नकोस — म्हातारे मध्यंतराला उठतात, पोरं मध्यंतराला येतात, आणि दोघांची गाठ चहाच्या टपरीवर पडते.

६. जोड्या लाव. सावता महाराजांच्या मळ्याला लागून बहिणाबाईंचं शेत ठेव. एकाला मळ्यातच देव भेटतो. दुसरी खान्देशातली, अक्षरओळख नसलेली बाई शेतात राबता राबता माणसाच्या मनाची पारख करते. जोडी ध्वनिमुद्रित कर आणि शब्द न कळणाऱ्या लहान पोराला ऐकव — पहिलं गाणं दुसऱ्यात शिरलेलं त्याला नुसत्या सुरावरून कळलं, तर जोडी जमली. निवेदनानं समजावून सांगावी लागली, तर मोडून टाक.

७. जोडी सारखेपणाची असते तशी भांडणाचीही असते. चोखोबांचा अभंग झाला की लगेच अमर शेखांचं गाणं लाव — एकाला देवळाबाहेर उभं राहावं लागलं, दुसरा गिरणीकामगारांच्या सभांतून डफावर गरजला. मध्ये सहाशे वर्षं आहेत, पण तक्रार फारशी जुनी झालेली नाही.

८. नवं म्हणजे पुण्या-मुंबईचंच, असं समजू नकोस. चोखोबा आणि कान्होपात्रा मंगळवेढ्याचे, राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे, कवी संजीव आणि दत्ता हलसगीकर पुन्हा सोलापूरचे — एका जिल्ह्यात एवढं पिकलंय, आधी घरची कणगी बघ, मग बाजार.

९. लावणी गाळू नकोस. मोडनिंबचं नाव महाराष्ट्रात अरणाइतकंच इथल्या कलाकेंद्रांमुळे माहीत आहे, आणि देवाच्या कार्यक्रमात लावणी कशाला असं कुणीतरी म्हणणारच. त्याला सांग, राम जोशी लावण्याही लिहीत आणि कीर्तनंही करत. बैठकीची एक लावणी संगीतबारीतल्या जाणत्या बाईकडून रीतसर शीक, मानधन देऊन, आणि पत्रिकेत तिचं नाव छाप — तिची कला फुकट घ्यायची सवय या भागाला फार आहे.

१०. क्रम लावताना डोकं फार खाजवू नकोस. काकड्यात भूपाळी, वासुदेव, आंधळा-पांगळा, गौळण अशी रांग लागलेली आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग. या दोन्ही याद्या लोकांच्या अंगात मुरलेल्या आहेत — ओळखीच्या सांगाड्यात अनोळखी गाणं बसवलं की ते कुणाला परकं वाटत नाही. वासुदेवाच्या जागी आजची एखादी पहाटेची कविता ठेवून बघ.

११. एका वर्षी एकच अगदी कोरी चाल. इंग्लंडात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या आदल्या दिवशी नऊ पाठ आणि भजनं असा सोहळा १९१८पासून चालतो. क्रम जुना, पण १९८३पासून दर वर्षी एक नवं गीत मुद्दाम लिहवून घेतात — लोक जुन्यासाठी येतात आणि नवं ऐकून जातात. तुला हे परवडणारं आहे. एक कवी, एक चाल, एक वर्ष.

१२. आता पट्टी, आणि इथं जरा नीट लक्ष दे. पुरुष काळी एकला सुखी, बायका काळी चार-पाचला. प्रत्येक गाणं आपापल्या सोयीच्या पट्टीत घेतलंस, तर दर पाच मिनिटांनी पखवाजवाला हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसेल आणि लोक मोबाइल काढतील. त्यापेक्षा पुरुषांची गाणी काळी एकला आणि बायकांची काळी तीनला घे. काळी एकचा मध्यम म्हणजेच काळी तीन, आणि काळी तीनचा पंचम म्हणजे पुन्हा काळी एक — पखवाज एकाच सुरात लागलेला राहतो, कधी सा म्हणून बोलतो, कधी प म्हणून. बायका कुरकुरतील, की सूर थोडा खाली गेला. चार दिवस गाऊ दे, मग स्वतःच म्हणतील की शब्द आता जास्त कळतात.

१३. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक कार्यक्रमाच्या आधी भिजवून झाकून ठेवायला सांग — ऐन वेळी पीठ मागायला कुणाच्या घरी जायचं, यावर मंडळं फुटलेली आहेत.

१४. भजनी ठेक्यातली तीन गाणी ओळीनं लावू नकोस — चौथ्याला लोकांचे हात टाळी देतात, पण कान निजलेले असतात. मध्ये एक दादऱ्यातलं टाक, किंवा ठेक्याशिवायची ओवी.

१५. ओवी म्हटलं म्हणून सांगतो. जात्यावरच्या लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, आज त्या इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. तरी आधी आपल्या गल्लीतल्या आजीकडे जा — तिची ओवी कुठंच नोंदलेली नाही, आणि तिला आता रात्री ऐकू कमी येतं, म्हणून सकाळीच जा.

१६. ओवी एकटीच्या गळ्यात ठेव, पेटीसुद्धा बंद — सगळ्यांनी मिळून दळलं की पीठ पडतं, ओवी पडत नाही.

१७. अभंग सगळ्यांनी एका सुरात म्हणा, खाली नुसता सा-प भरा. दोन-तीन सुरांचे थर नव्या गाण्यासाठी राखून ठेव — दोन्हीकडे थर चढवले की जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. चार आवाजांचं वृंदगान कसं उभं राहतं ते बघायचं असेल, तर मुंबईत १९५६ साली सुरू झालेल्या परांजोती अकॅडमी कोरसची ध्वनिमुद्रणं ऐक.

१८. कवीला विचार. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापली, त्यांचे शब्द आता सर्वांचे, पण ना. धों. महानोर २०२३ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेवर त्यांच्या घरच्यांचा हक्क अजून पुष्कळ वर्षं आहे. तिकीट नसलेल्या हौशी कार्यक्रमाला कायदा सवलत देतो, तरीही एक पत्र टाक — परवानगीचं पत्र आलं की घरचे लोकही ऐकायला येतात.

१९. सव्वा तास, बारा गाणी, बस्स. ‘गीतरामायण’ ५६ गाण्यांचं झालं, पण ते आकाशवाणीवर आठवड्याला एक असं १९५५–५६मध्ये वर्षभर वाजलं — माडगूळकर-फडके एका रात्रीत सगळं उरकायला निघाले नव्हते.

२०. निवेदन जोडीमागे तीन वाक्यं. त्यात ‘थोर’, ‘महान’, ‘अजरामर’ आले की खोड — थोर आहे हे गाण्यानं सिद्ध करायचं असतं, आणि निवेदक तुझा मित्र असला तरी त्याच्या हातात माइक जास्त वेळ देऊ नकोस.

२१. तालमीत गाणी कमी घोटा, सांधे जास्त घोटा : एका गाण्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली, एवढंच, दहादा — गाणं सहसा मध्ये पडत नाही, ते उंबऱ्यात ठेच लागून पडतं.

२२. सत्कार, शाल, नारळ, दोन शब्द : सगळं सुरुवातीला उरक, गाण्यांच्या मध्ये एकही नाही. कुणी पुढारी उशिरा आलाच, तर त्याला पहिल्या रांगेत बसव आणि गात राहा — शाल मध्ये शिरली की सूर बाहेर जातो, आणि मग परत बोलावूनही येत नाही.

२३. साउंडवाल्याला यादी आदल्या दिवशी दे, ओवीच्या पुढं ‘इथं माइकचा आवाज वाढवू नये’ असं लाल शाईनं लिहून — त्याला शांतता म्हणजे बिघाड वाटतो, बिचाऱ्याचा दोष नाही. पेटीजवळ बॅटरी ठेव; वीज आपल्याला विचारून जात नाही.

२४. स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून सुरुवात साडेसातला ठरव — ‘साडेसात’ म्हटल्यावर लोक आठला येतात, आणि गाणं सव्वाआठला सुरू झालं तरी तुला पुरतं.

२५. गजर लोकांचा आहे, तो त्यांना देऊन टाक, मधोमध एकदा, मनसोक्त. शेवटी देऊ नकोस — आपल्याकडे गजर एकदा पेटला की थांबत नाही, आणि तुझी भैरवी राहून जाते.

२६. भैरवीनंतर आभार नाहीत. आभार आधीच — भैरवी संपल्यावर कुणी ‘दोन मिनिटं’ म्हणत माइककडे निघाला, तर पेटीवाल्याला खुशाल उभं राहून पेटी मिटायला सांग.

२७. तारखेचं राहिलंच. अरणच्या पुण्यतिथीच्या आसपास कार्यक्रम ठेवायचा मोह होईल, पण त्या दिवसांत चांगला पखवाजी आणि टाळकरी आधीच कुठं ना कुठं ठरलेला असतो. दिवाळीनंतरचं बघ, ऊसतोडीची धांदल गावात शिगेला पोचायच्या आत. तारीख ठरली की मला लवकर कळव, कुर्डुवाडीहून पंढरपूरच्या गाडीनं येईन. आणि यादी आधी पाठव, म्हणजे त्यातली निम्मी गाणी मी खोडून देतो.