गोळ्यांची पिशवी रिकामी करा

मागच्या पावसाळ्यात एक आजोबा चक्कर येते म्हणून आले. सहा महिन्यांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅक, एक स्टेंट. नाडी मिनिटाला 44. माझ्या डोक्यात पेसमेकर घोळू लागला होता, तेवढ्यात आमच्या क्लिनिकल फार्मासिस्ट बाईंनी सोबत आलेल्या आजींच्या हातातली पिशवी टेबलावर ओतली. त्यातल्या दोन स्ट्रिपा शेजारी-शेजारी ठेवल्या. नावं वेगळी, रंग वेगळे. मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत नाडी मंद करणारं मेटोप्रोलॉलच! एक शहरातल्या रुग्णालयाची, दुसरी गावच्या डॉक्टरांची. आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते. एक थांबवली आणि आठवडाभरात नाडी साठीवर आली.

क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या देणारी व्यक्ती नव्हे. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे 2008 मध्ये आला. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ही मंडळी राउंडला आमच्याबरोबर असतात. एक औषध दुसऱ्याच्या आड येतंय का, किडनीला हा डोस झेपेल का, हे बघतात. गर्दीच्या ओपीडीत आमच्या हातून हे निसटतं, कबूल करायला हवं.

कृत्रिम झडप बसवलेल्यांनी तर त्यांच्याशी निवांत बोलावं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल घेताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तुम्हाला ठरवून दिलेल्या पट्ट्यातच राहायला हवा. शेजारी सांगतात, पालेभाजी बंद करा. तसं नाही. मेथी-पालक खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच. महिनाभर उपास आणि मग रोज पालक, यानं आयएनआर बिघडतो. गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक त्याहून वाईट: रक्तस्रावाचा धोका वाढतो, हृदय कमजोर असेल तर पायांवर सूजही येते.

तपासणीला येताना सगळं आणा. मधुमेहाच्या गोळ्या, काढे, चूर्णं, उरलेल्या पेनकिलर, सगळं. दात काढायचा म्हणून स्टेंटनंतरची गोळी मनानं बंद करू नका, आधी विचारा. तुमच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट नसेल, तर औषधं एकाच मेडिकलमधून घ्या आणि तिथल्या फार्मासिस्टला यादी दाखवा.

आणि गोळ्या सोलून डबीत भरू नका. स्ट्रिपवरचा नाव असलेला तुकडा शेवटची गोळी संपेपर्यंत राहू द्या.